दुसरा सिनेमा कोण काढू देतं?

आमच्या फिल्म सोसायटीत मध्यंतरी सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेम्बेन यांचा 'ला न्वार द...' दाखवला. १९६६ चा, तासाभराचा कृष्णधवल सिनेमा. दिवाना नावाची सेनेगलची मुलगी डकारमध्ये एका फ्रेंच कुटुंबाकडे मुलं सांभाळायला लागते आणि पहिल्या नोकरीच्या आनंदात मालकिणीला एक लाकडी मुखवटा भेट देते. पुढे ते कुटुंब तिला फ्रान्सला नेतं. तिथे तिची चोवीस तासांची मोलकरीण होते, आणि तो मुखवटा फ्लॅटच्या पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एकटाच टांगलेला दिसत राहतो. शेवटी दिवाना उरत नाही. मालक तिची बॅग, तिचा पगार आणि तो मुखवटा परत करायला डकारच्या वस्तीत येतो. तिची आई पैसे घेत नाही. एक लहान पोरगा मात्र मुखवटा उचलतो, तोंडासमोर धरतो आणि मालकाच्या मागोमाग चालू लागतो. मालक पाऊल उचलतो, मागे बघतो, आणखी भरभर चालतो, कशीबशी गाडी गाठतो. पोरगा मुखवटा खाली घेतो. दिवे लागले तेव्हा मिनिटभर कुणाला खुर्ची सरकवायचंही सुचलं नाही.

मग नेहमीप्रमाणे चर्चा झाली आणि ती भलतीकडेच गेली. सेम्बेन यांच्या निमित्तानं कृष्णवर्णीयांच्या सिनेमाच्या महोत्सवांचा, म्हणजे बुर्किना फासोच्या राजधानीतला, वागाडुगूचा फेस्पाको, फिलाडेल्फियाचा ब्लॅकस्टार, लॉस एंजेलिसचा पॅन आफ्रिकन फिल्म फेस्टिव्हल यांचा उल्लेख निघाला, तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "कलेला रंग नसतो. कृष्णवर्णीयांचा वेगळा महोत्सव भरवणं म्हणजे उलट्या बाजूनं तोच वर्णभेद." त्यावर एक तरुण मुलगी तावातावानं म्हणाली, "इतकी शतकं सोसलंय त्यांनी, आता त्यांचा गौरव नको व्हायला?" अर्धा तास हेच चाललं. हाच वाद मी छापील लेखांतून वाचला आहे, परदेशी दिग्दर्शकांच्या मुलाखतींतून ऐकला आहे, आणि दर वेळी तो याच दोन खुंट्यांभोवती फिरतो: एका बाजूला शुद्ध कला, दुसऱ्या बाजूला भरपाई. दोन्ही बाजू मनापासून बोलतात. पण सिनेमा बनतो कसा आणि लोकांपर्यंत पोचतो कसा, याचा विचार दोघांच्याही बोलण्यात नसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. असे महोत्सव हवेत, आणि अजून बरीच वर्षं लागतील. त्याचं कारण गौरवात नाही, दुसऱ्या सिनेमात आहे. कविता वहीत लिहून ट्रंकेत ठेवता येते, वीस वर्षांनी सापडली तरी ती कविताच असते. सिनेमाचं तसं नाही. त्याला निर्माता लागतो, वितरक लागतो, थिएटर लागतं, शुक्रवारी त्यावर लिहिणारा कुणी लागतो. पहिला सिनेमा माणूस जिद्दीवर काढतो. दागिने गहाण टाकतो, मित्रांकडून उसने घेतो, रविवारी शूटिंग करतो. दुसरा सिनेमा जिद्दीवर निघत नाही. त्यासाठी पहिला कुणीतरी निवडलेला, दाखवलेला, पाहिलेला असावा लागतो. हे निवडणारे आणि दाखवणारे हात शतकभर कुणाचे होते, एवढाच प्रश्न आहे. म्हणूनच महोत्सवाच्या लाल गालिच्यावर कोण चाललं याला मी फारशी किंमत देत नाही. तिथे पहिला लघुपट दाखवलेल्या मुलीला पाच वर्षांनी दुसरं काही करता आलं का, एवढंच मी विचारतो. या मापानं मोजलं तर काही महोत्सव फार मोठे ठरतात आणि काही उघडे पडतात.

आधी 'कलेला रंग नसतो' याबद्दल. हे वाक्य ऐकायला उदात्त आहे आणि तत्त्व म्हणून मला मान्यही आहे. पण कच्च्या फिल्मला रंग होता, त्याचं काय करायचं? रंगीत फोटोंच्या लॅबमध्ये छपाईचं यंत्र जुळवायला एक नमुन्याचं कार्ड असायचं. त्यावर एका गोऱ्या बाईचा फोटो. तिच्या नावावरून त्याला शर्ली कार्ड म्हणत. तिची कातडी नीट उतरली की यंत्र नीट लागलं, असा हिशोब. परिणाम असा की गोरा आणि काळा चेहरा एका चौकटीत आले की काळ्याचे दात आणि डोळे तेवढे उरायचे, बाकी सगळं अंधारात. काळ्या मुलांच्या आयांनी शाळेच्या फोटोंबद्दल कुरकुर केली, पण खरा रेटा आला तो लाकडी फर्निचर आणि चॉकलेटच्या उत्पादकांकडून. जाहिरातीत त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा वेगळ्या दिसत नव्हत्या ना! शिसवी कपाटाची छटा दिसावी म्हणून जे रसायन सुधारलं, ते माणसाच्या चेहऱ्यासाठी आधी का सुधारलं नाही? कुणी दुष्ट माणूस लॅबमध्ये बसून हे करत होता असं मी म्हणत नाही. ज्यांच्या डोळ्यांसमोर गोराच चेहरा होता त्यांनी तो साहजिक धरला. वर्णभेदाचं बहुतेक काम असंच, कुणाच्या मनात पाप नसतानाही होत राहतं.

कायद्यानं घातलेली बंदी वेगळीच. फ्रान्सनं १९३४ साली आपल्या आफ्रिकी वसाहतींसाठी फर्मान काढलं, तेव्हाचे वसाहतमंत्री लाव्हाल यांच्या नावानं ते ओळखलं जातं. वसाहतीत कॅमेरा लावायचा तर सरकारची परवानगी हवी. पटकथा कोणती आणि ती करणारी माणसं कोण, हे सरकार तपासणार. आफ्रिकेच्या माणसानं आफ्रिकेत आफ्रिकेबद्दल सिनेमा काढणं त्यामुळे जवळपास अशक्य झालं. पोलें व्हिएरा हे आफ्रिकी दिग्दर्शक आणि त्यांचे मित्र पॅरिसच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले, पण १९५५ मध्ये त्यांनी आपला लघुपट केला तो पॅरिसच्या रस्त्यांवर, सेन नदीच्या काठी राहणाऱ्या आफ्रिकी माणसांवर. घरी शूटिंग करायची सोयच नव्हती. लुमिएर बंधूंचा पहिला खेळ १८९५ चा, मुंबईत तो १८९६ मध्ये वॉटसन हॉटेलात झाला, आणि फाळक्यांनी १९१३ मध्ये आपल्या मातीतला चित्रपट उभा केला. सहाराच्या दक्षिणेकडच्या माणसाला आपल्याच गावात कॅमेरा लावायला साठचं दशक उजाडावं लागलं. ही पन्नास वर्षं प्रतिभेअभावी गेली का?

अमेरिकेत कायद्याची बंदी नव्हती, दाराची होती. ऑस्कर मिशो हा साउथ डकोटात शेती करणारा कृष्णवर्णीय माणूस. स्वतःच्या कादंबऱ्या दारोदार विकायचा. १९१९ मध्ये त्यानं त्यातल्याच एकीवर सिनेमा काढला आणि मग वीस-पंचवीस वर्षं काढतच राहिला. रिळं घेऊन गावोगाव जायचं, काळ्यांच्या थिएटरमालकाला गाठायचं, या सिनेमाच्या कमाईतून पुढच्याचे पैसे उभे करायचे. दुसऱ्या सिनेमाचा प्रश्न त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेऊन सोडवला. पण तो गेल्यावर काय झालं? त्याच्या बहुतेक चित्रपटांचा आज पत्ता नाही. १९२० चा 'विदिन अवर गेट्स' हरवलाच होता. त्याची एक प्रत स्पेनमध्ये स्पॅनिश नावानं पडलेली सापडली आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं ती दुरुस्त केली. त्या चित्रपटात झुंडीनं काळ्या कुटुंबाला फासावर लटकवल्याचं दृश्य आहे. आपल्याच देशाचा हा पुरावा अमेरिकेला दुसऱ्या देशाच्या कपाटातून परत आणावा लागला. सिनेमा जपायलाही कुणाला तरी तो आपला वाटावा लागतो.

कुणी म्हणेल, ही जुनी गोष्ट झाली. बरं, अलीकडे येऊ. चार्ल्स बर्नेट यांनी लॉस एंजेलिसमधल्या काळ्यांच्या वॉट्स वस्तीत शनिवार-रविवारी शूटिंग करून विद्यापीठाचा प्रबंध म्हणून 'किलर ऑफ शीप' केला. १९७७-७८ मध्ये तो पूर्ण झाला, १९९० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-वारशाच्या यादीत गेला, आणि थिएटरात रीतसर लागला २००७ मध्ये, कारण त्यातल्या गाण्यांच्या हक्कांचे पैसे तोवर कुणी भरले नव्हते. ज्युली डॅश यांचा १९९१ चा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' हा आफ्रिकी-अमेरिकी बाईनं दिग्दर्शित केलेला, अमेरिकेत सर्वत्र प्रदर्शित झालेला पहिला चित्रपट. सनडान्स या अमेरिकी महोत्सवात छायाचित्रणाचा पुरस्कार, समीक्षकांची वाहवा. पुढे? त्यांनी टीव्हीसाठी काम केलं. थिएटरसाठी दुसरा सिनेमा द्यायला दशकानुदशकं कुणी पुढे आलं नाही. बॅरी जेन्किन्स यांचा पहिला चित्रपट २००८ चा, दुसरा २०१६ चा; त्या दुसऱ्यालाच सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. ज्या माणसाच्या हातून 'मूनलाइट' होणार होता त्याला मधली आठ वर्षं थांबावं लागलं. जे थांबू शकले नाहीत त्यांची नावं आपल्याला माहीत असायचं कारणच नाही.

आता वागाडुगूकडे. फेस्पाकोची खरी गोष्ट पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही, थिएटरच्या मालकीत सापडते, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. १९६९ च्या फेब्रुवारीत अप्पर व्होल्टा नावाच्या गरीब, समुद्रकिनारा नसलेल्या देशाच्या राजधानीत काही सिनेमावेड्या लोकांनी आफ्रिकी चित्रपटांचा सप्ताह भरवला. समितीच्या अध्यक्ष होत्या आलिमाता सालंबेरे. तेव्हा फ्रेंच-भाषक आफ्रिकेतली थिएटरं दोन फ्रेंच कंपन्यांच्या मुठीत होती, कोमासिको आणि सेक्मा. कोणता सिनेमा लागणार हे त्या ठरवायच्या. पडद्यावर फ्रान्सचे, अमेरिकेचे चित्रपट, आणि हो, आपले हिंदी चित्रपटही. आफ्रिकेचा सोडून सगळ्यांचा सिनेमा आफ्रिकेत लागत होता. त्या सप्ताहात लोकांनी पडद्यावर पहिल्यांदा आपल्यासारखी माणसं पाहिली आणि गर्दी केली. वर्षभराच्या आत, १९७० मध्ये, सरकारनं थिएटरांचं राष्ट्रीयीकरण केलं. कंपन्यांनी चित्रपटांचा पुरवठा तोडला. सरकार मागे हटलं नाही. तिकिटाच्या पैशातला वाटा देशी चित्रपटनिर्मितीकडे वळवला आणि त्यातून सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्या देशाचा पहिला कथापट निघाला. त्याचा विषय ऐकून मराठी वाचक चमकेल: लोहाराच्या जातीतला तरुण, वरच्या घराण्यातली मुलगी, आणि त्यांच्या लग्नाला आडवी येणारी जात. नाव 'ल सां दे पारिया', म्हणजे बहिष्कृतांचं रक्त. हा 'पारिया' शब्द फ्रेंचमध्ये गेला तो तमिळमधल्या परैयर या जातीच्या नावावरून. स्वतःच्या पडद्यावर पहिल्यांदा बोलायला मिळालं तेव्हा त्या समाजानं गोऱ्या मालकाला सोडून आपल्याच घरातला दोष सांगितला. वेगळा महोत्सव म्हणजे स्वतःचीच आरती, असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर विचारात घ्यावं.

१९७२ पासून स्पर्धा सुरू झाली. सर्वोच्च पुरस्काराचं नाव 'येनेंगाचा घोडा'. येनेंगा ही मोसी लोकांच्या कथेतली घोडेस्वार राजकन्या. १९८३ मध्ये थॉमस संकारा सत्तेवर आले, पुढच्या वर्षी देशाचं नाव बुर्किना फासो झालं, आणि महोत्सव आफ्रिकेपुरता न राहता अटलांटिकपलीकडच्या कृष्णवर्णीय दिग्दर्शकांनाही आपला म्हणू लागला; त्यांच्यासाठी कृष्णवर्णीय अमेरिकी गायक-अभिनेते पॉल रॉबसन यांच्या नावाचा वेगळा पुरस्कार सुरू झाला. वागाडुगूच्या एका चौकात रिळांच्या चकत्या आणि लेन्स एकावर एक रचल्यासारखं स्मारक आहे. महोत्सवात दिग्दर्शक तिथे जमतात, हात धरून फेरी घालतात, गेलेल्या सहकाऱ्यांच्या नावानं जमिनीवर पाणी सोडतात. कॅमेऱ्याला पितरांच्या रांगेत बसवणारा असा चौक मला दुसऱ्या कुठल्या शहरात ठाऊक नाही.

इथे विरोधकांचे मुद्दे घ्यायला हवेत. त्यातले काही पोकळ नाहीत, आणि मला स्वतःला छळतात.

पहिला शिक्क्याचा. अनेक दिग्दर्शकांना 'कृष्णवर्णीय दिग्दर्शक' म्हणवून घेणं नको असतं. एकदा शिक्का बसला की मोठ्या महोत्सवाचे निवडकर्ते म्हणतात, याच्यासाठी ती दुसरी जागा आहेच की. ही भीती खरी आहे. पण ज्याला आपण 'नुसता महोत्सव' म्हणतो तो कुठून आला ते पाहा. १९३८ मध्ये व्हेनिसला सर्वोच्च पुरस्कार फॅसिस्टांच्या आणि नाझींच्या मर्जीनं वाटले गेले, म्हणून फ्रान्स चिडून उठला आणि त्यानं वेगळा महोत्सव ठरवला. युद्धामुळे तो लांबला आणि १९४६ मध्ये भरला. तोच कान. कलेला राष्ट्र नसतं, वेगळी चूल कशाला, असं तेव्हा कुणी म्हटलं का? पुढे १९७२ पर्यंत कानला कोणता चित्रपट पाठवायचा हे त्या त्या देशाचं सरकार ठरवायचं. ज्यांना देशच नव्हता, जे वसाहतीतले होते, त्यांनी कुठल्या दारानं आत यायचं? त्याच कानला पहिले कृष्णवर्णीय ज्युरी-अध्यक्ष मिळाले ते २०२१ मध्ये, स्पाइक ली. शिक्का महोत्सवानं मारला नाही. तो आधीच कपाळावर होता आणि दार बंद होतं. महोत्सवानं शिक्का असलेल्यांना जमायला एक ओसरी दिली.

दुसरा मुद्दा, 'कृष्णवर्णीय' म्हणजे नेमकं कोण? ब्राझील, हैती, नायजेरिया, ब्रुकलिन यांच्यात कातडीपलीकडे साम्य काय? फेस्पाकोत तर उत्तर आफ्रिकेचे अरब दिग्दर्शकही येतात. २०२३ चा सर्वोच्च पुरस्कार ट्युनिशियाच्या 'अश्काल'ला गेला. ही संज्ञा ढिली आहे, कबूल. पण ती ढिली आहे म्हणूनच तिच्यात भांडण चालू शकतं, आणि ते भांडण चालायला एक जागा लागते. इथिओपियात जन्मलेले आणि वॉशिंग्टनला शिकवणारे हेले गेरिमा यांनी गुलामगिरीवर 'सान्कोफा' केला, तेव्हा अमेरिकी वितरकांनी तो घेतला नाही. त्यांनी स्वतः थिएटर भाड्यानं घेतलं. प्रेक्षकांनी आठवडेच्या आठवडे रांगा लावल्या. पुढे हॉवर्ड विद्यापीठासमोर त्यांनी त्याच नावाचं पुस्तकांचं आणि चित्रपटांचं दुकान थाटलं. २००९ मध्ये 'तेझा' या चित्रपटासाठी त्यांना फेस्पाकोचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. ते आफ्रिकी की अमेरिकी, हा प्रश्न वितरकांना पडला असेल. थिएटरबाहेर रांगेत उभ्या राहिलेल्यांना पडला नाही.

तिसरा मुद्दा सगळ्यात जड आहे, आणि तो सहसा कुणी मांडतच नाही: नॉलिवूड. नायजेरियाच्या चित्रपटसृष्टीला कुठल्याही महोत्सवानं उभं केलेलं नाही. १९९२ मध्ये केनेथ न्नेबुए या व्यापाऱ्यानं 'लिव्हिंग इन बाँडेज' व्हिडिओवर काढला, कॅसेटी लागोसच्या बाजारात विकल्या, आणि पाहता पाहता तिथे जगातल्या सर्वाधिक चित्रपट काढणाऱ्या उद्योगांपैकी एक उभा राहिला. आणि फेस्पाको? त्याच्या मुख्य स्पर्धेत उतरायचं तर ३५ मिलिमीटरची प्रिंट लागायची. २०१५ पर्यंत! सगळी दुनिया डिजिटलवर गेली तरी वागाडुगू प्रिंट मागत होतं आणि गरीब दिग्दर्शक ती काढायला युरोपच्या लॅबकडे, युरोपच्या अनुदानाकडे धाव घेत होता. वसाहतीच्या विरोधात उभ्या राहिलेल्या महोत्सवानं वसाहतीच्याच लॅबचं गिऱ्हाईक तयार करावं, ही साधी चूक नव्हती. कित्येक तरुणांची ऐन उमेदीची वर्षं त्या नियमात गेली असणार. मात्र यातून महोत्सव निरुपयोगी ठरतात असा निष्कर्ष निघत नाही. नॉलिवूडकडे काय होतं? विकायची स्वतःची व्यवस्था. कॅसेट हेच थिएटर, बाजारपेठ हाच वितरक. म्हणजे मूळ मुद्दा तोच: दाखवण्याचं साधन ज्याच्या हातात, दुसरा सिनेमा त्याचा. वीस कोटींच्या देशात बाजार ते काम करू शकतो. बुर्किना फासोत, हैतीत, किंवा फिलाडेल्फियात राहून लघुपट करणाऱ्या मुलीसाठी बाजार ते करत नाही.

चौथा मुद्दा पैशाचा आणि सत्तेचा. फेस्पाको सरकारी आहे. पैसा सरकारचा आणि परदेशी देणगीदारांचा. १९८७ मध्ये संकारा यांची हत्या झाली आणि त्यांच्या जागी आलेल्यांच्या हाताखाली महोत्सव पुढची सत्तावीस वर्षं निमूट चालू राहिला. २०२२ पासून तिथे लष्कराची सत्ता आहे. हे सगळं खटकतं आणि खटकलंच पाहिजे. पण सरकारी पैशाचा हात कुठवर जातो हे मराठी प्रेक्षकाला कुणी शिकवायला नको; २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फीत ज्युरीनं निवडलेला 'न्यूड' मंत्रालयानं यादीतून काढला, तेव्हा ज्युरीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला होता. म्हणून इफ्फी बंद करा असं आपल्यापैकी कुणी म्हटलं नाही. ज्युरीला तिचा अधिकार द्या, असं म्हटलं. वागाडुगूला तोच न्याय का नको?

आणि एका आक्षेपाला मी उत्तर देणार नाही, कारण उत्तर नाही. ज्या महोत्सवाच्या पहिल्या समितीची अध्यक्ष बाई होती, ज्याच्या पुरस्कारावर घोडेस्वार राजकन्येचं नाव आहे, त्याचा सर्वोच्च पुरस्कार १९७२ पासून २०२५ पर्यंत एकाही बाईला मिळालेला नाही. २०२३ मध्ये अपोलिन त्राओरे यांचा 'सिरा' दुसऱ्या क्रमांकापर्यंत आला आणि थांबला. 'आम्हाला दारातून आत घेत नाहीत' म्हणून ज्यांनी घर बांधलं, त्यांनी आपल्याच घरात दुसरं दार बंद ठेवलं आहे.

आपल्याकडे हा वाद नवा वाटत असेल तर आठवण द्यायला हवी. 'साहित्याला जात नसते' हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे? १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी ग्रंथकार सभेचं निमंत्रण दिलं, तेव्हा जोतीराव फुल्यांनी पत्र लिहून ते नाकारलं. उंटावरून शेळ्या वळणाऱ्या ग्रंथकारांना शूद्रातिशूद्रांच्या विपत्ती कशा कळणार, असं विचारून त्यांनी सांगितलं की ज्यांना माणसाचे हक्क द्यायचे नाहीत त्यांच्या सभांशी आमचा मेळ बसत नाही. याच जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या लोकांना. १९५८ मध्ये दादरला पहिलं दलित साहित्य संमेलन भरलं तेव्हाही 'वेगळी चूल' हा शब्द निघाला होताच. आज मागे वळून पाहताना त्या वेगळ्या चुलीमुळे मराठी साहित्य तुटलं असं कोण म्हणेल? ती पेटली नसती तर आपण किती कमी मराठी वाचली असती! दलित पँथरनं १९७२ मध्ये नाव घेतलं तेही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. आणि २०१९ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला, बाबासाहेब जिथे शिकले त्या कोलंबिया विद्यापीठात, दलित चित्रपट महोत्सव भरला, तेव्हा नागराज मंजुळे आणि पा. रंजित तिथे होते. वागाडुगूच्या पहिल्या कथापटाचा विषय आणि 'सैराट'चा विषय शेजारी ठेवून पाहा. या दोन समाजांना एकमेकांचे महोत्सव का समजतात, हे मग सांगावं लागत नाही.

महोत्सव दुसऱ्या सिनेमापर्यंत खरंच नेऊ शकतो का? नेतो, जेव्हा तो आठवड्यापुरता भरून उठत नाही तेव्हा. २०१० मध्ये दिग्दर्शिका एव्हा डुव्हर्ने यांनी अमेरिकेतल्या निरनिराळ्या शहरांतले कृष्णवर्णीय चित्रपट महोत्सव एका साखळीत बांधले: न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, अटलांटा, सिएटल, लॉस एंजेलिस. कल्पना अगदी साधी होती. या महोत्सवांकडे प्रत्येक गावातला प्रेक्षक आहे, त्याचे पत्ते आहेत, त्याचा विश्वास आहे. मग हेच लोक वितरक का होऊ नयेत? पुढच्याच वर्षी त्यांनी आपला चित्रपट या साखळीतून थिएटरांत लावला. २०१२ मध्ये पुढच्या चित्रपटासाठी सनडान्सला दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला, तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. रायन कूगलर यांचा विद्यार्थीदशेतला लघुपट 'फिग' २०११ मध्ये अमेरिकन ब्लॅक फिल्म फेस्टिव्हलमध्ये एचबीओच्या स्पर्धेत जिंकला. सात वर्षांनी त्यांचा 'ब्लॅक पँथर' हा चित्रपट आला. प्रत्येक लघुपटाचं असं होत नाही, बहुतेकांचं होत नाही. पण कुणीतरी वीस मिनिटं अंधारात बसून तो पाहिला, हे आधी घडावं लागतं. म्हणून आयोजकांना माझं सांगणं आहे की प्रायोजकांच्या पार्टीपेक्षा परिसंवादाला, परिसंवादापेक्षा वितरकांच्या टेबलाला, आणि त्याहीपेक्षा गावोगाव फिरणाऱ्या पडद्याला पैसे द्या. बुर्किना फासोचे गॅस्टन काबोरे यांनी १९९७ मध्ये फेस्पाकोचा सर्वोच्च पुरस्कार घेतला आणि नंतर त्याच शहरात तरुणांना सिनेमा शिकवणारी संस्था काढली. मला तो निर्णय पुरस्काराहून मोठा वाटतो.

त्या सर्वोच्च पुरस्कारावर बुर्किना फासोचं नाव पुन्हा यायला मग अठ्ठावीस वर्षं गेली. २०२५ मध्ये तो दानी कुयाते यांना मिळाला. त्या वर्षी ज्युरीचे अध्यक्ष असणार होते मालीचे सुलेमान सिसे. हा पुरस्कार दोनदा मिळवलेले, १९८७ मध्ये कानला ज्युरी पारितोषिक घेतलेले, चौऱ्याऐंशी वर्षांचे. महोत्सव २२ फेब्रुवारीला सुरू व्हायचा होता. १९ तारखेला सकाळी बामाकोत त्यांनी पत्रकारांना बोलावलं आणि सरकारकडे मागणं मांडलं: नुसता सिनेमा काढून भागत नाही, तो लोकांना दिसलाही पाहिजे, आम्हाला थिएटरं बांधायला मदत करा. मरण्याआधी माझं एवढंच मागणं आहे, असंही ते म्हणाले. त्याच दिवशी ते गेले.